इसम मिळून आला नाही

(‘विचारा पाटलाला’ हे वाचकांच्या प्रश्नांचं सदर. उत्तरं देणारे घाटंजी तालुक्यातल्या एका गावी 28 वर्षं पोलीस पाटील होते.)

प्रश्न : पाटील साहेब, नमस्कार. मी दिग्रस तालुक्यातला कास्तकार, सात एकर कोरडवाहू. मुलानं आयटीआयला इलेक्ट्रिशियन केलं. महाराष्ट्र शासनाचा जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी 2024 मध्ये करार झाला, त्यातून जाता येईल म्हणून तो यवतमाळला खोली करून जर्मन शिकतो. आता घरात रोज भांडण आहे. मोबाइलवर व्हिडिओ आला, की जर्मनीत 41 टक्के गुन्हे परके लोक करतात आणि सरकार लपवते. त्याची आई म्हणते, ‘मरू दे थे जर्मनी, सोयाबीन पेरू आपण.’ माझी चिंता जरा वेगळी आहे. आपलं पोरगंही तिथं परकंच ना? उद्या तिथं कोणी चोरी केली, तर बोट त्याच्याकडे जाईल का? तुमची मुलगी तिकडे आहे म्हणून विचारतो.

उत्तर : भाऊ, माझ्याकडे सहसा बांधाचे, वारसाचे आणि दारूबंदीचे प्रश्न येतात. तुमचं पत्र आलं तेव्हा वाटलं, मुलीलाच पाठवून द्यावं. ती स्टुटगार्टजवळच्या गावात दवाखान्यात नर्स आहे. पण शेवटची ओळ वाचली आणि लक्षात आलं, हा प्रश्न माझ्याच खात्याचा आहे.

आधी तो आकडा. तो खोटा नाही. जर्मनीच्या पोलिसांची 2023 सालची जी आकडेवारी आहे, तिच्यात परदेशी नागरिक सुमारे 41 टक्के आहेत. पण कशाचे 41 टक्के? संशयितांचे. तिथले पोलीस तपास पुरा झाला की ज्याच्यावर संशय आला त्याला मोजतात, कोर्टानं पुढं सोडलं तरी त्या वर्षीच्या यादीत तो राहतोच. शिवाय परवानगीशिवाय देशात घुसणं, मुदत संपल्यावर राहणं, हेही गुन्हे त्यात धरले आहेत आणि ते जर्मन माणसाच्या हातून होऊच शकत नाहीत. ते वगळले तर आकडा सुमारे 34 वर येतो. लोकसंख्येत परदेशी सुमारे 15 टक्के. म्हणजे वगळूनही दुपटीच्या वर आहे, हे तुमच्यापासून लपवणार नाही. त्यात वयाचा हिशेब आहे, कारण येणाऱ्यांत तरणे पुरुष जास्त आणि तरणे पुरुष कुठल्याही मुलखात जास्त गुन्हे करतात, आपल्या तालुक्यातही. पर्यटक आणि सीमेपलीकडून येऊन चोरी करून जाणाऱ्या टोळ्या संशयितांत मोजल्या जातात, लोकसंख्येत नाही. हे सगळं वजा करून फरक किती उरतो, यावर तिथल्या अभ्यासकांची भांडणं चालू आहेत. व्हिडिओवाल्यानं 41 सांगितलं आणि तिथंच थांबला.

आता बोटाचं सांगतो. 1996 चा डिसेंबर. आमच्या गावातल्या एका कास्तकाराच्या कोठ्यातून चारेक क्विंटल कापूस रात्रीतून गेला. सकाळी जमादार राजदूत फटफटी घेऊन आले, ओसरीवर चहा घेतला आणि विचारलं, “पाटील, बेड्यावरचे कोण कोण गावात आले होते?” चोरी कशी झाली, कोठ्याला कुलूप होतं का, चाकोरीचे माग कुठं गेले, हे काही नाही. नाल्यापलीकडे दीड किलोमीटरवर फासेपारध्यांचा बेडा, म्हणजे वस्ती. इंग्रजांनी 1871 साली कायदा करून अनेक जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या होत्या. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला, पण 1996 मध्येही जमादाराच्या तोंडात पहिला प्रश्न तोच आणि माझ्या तोंडात उत्तरही तयार. मी तीन नावं दिली. एक जण आदल्या दिवशी तितर विकायला आला होता. दुसरा चक्कीवर दळण घेऊन आला होता. तिसऱ्याचं नाव का दिलं, हे मला आजही सांगता येत नाही. दोन कमी वाटली असतील.

तिघांना ठाण्यात नेलं. दुसऱ्या दिवशी त्यातल्या एकाची बायको कडेवर लेकरू घेऊन माझ्या अंगणात येऊन बसली. रडली नाही, भांडली नाही. एवढंच विचारलं, “पाटील, तुमी पाह्यलं का त्याले?” मी घरात गेलो. ती तीन दिवस येत होती.

अकराव्या दिवशी कापूस सापडला. त्या कास्तकाराच्याच पुतण्यानं बैलगाडीत घालून खेडा खरेदीवाल्या व्यापाऱ्याला विकला होता. घरातली गोष्ट घरात मिटली. तिघं परत आले. मला कोणी काही विचारलं नाही, ना ठाण्यानं, ना तहसीलनं, ना गावानं.

आणि विचारण्यासारखं खूप होतं. त्या रात्री ग्रामरक्षक दलाची चार माणसांची गस्त होती. ती फिरलीच नाही. बाजूच्या गावात खंजिरी भजनाची स्पर्धा होती, चौघेही तिकडे गेले आणि जाऊ मीच दिलं. गस्तीच्या वहीत ‘गस्त झाली’ अशी माझी सही संध्याकाळीच होऊन बसली होती. बेड्याचं नाव निघालं आणि ती वही कोणी उघडून पाहिली नाही. मला त्या दिवशी हायसं वाटलं होतं, भाऊ. हे मी पहिल्यांदा लिहितो आहे.

मुलगी जर्मनीला गेल्यावर तिच्याकडून आणि पुढं वाचून जे कळत गेलं, त्यात मला जागोजागी तीच वही दिसते. 2000 ते 2007 या काळात तिथं वेगवेगळ्या शहरांत दहा खून झाले. आठ मयत तुर्की वंशाचे, एक ग्रीक आणि एक जर्मन महिला पोलीस. कोणी फुलं विकणारा, कोणी किराणावाला, कोणी तिथल्या मांस-रोटीच्या गाडीवरचा. तर पोलिसांनी वर्षानुवर्षं मयतांच्याच घरच्यांना छळलं : नवऱ्याचा नशेचा धंदा होता का, बाहेर बाई होती का, कोणत्या टोळीत होता. वर्तमानपत्रांनी त्या मांस-रोटीवरून या खुनांना ‘डोनर खून’ असं नाव पाडलं. 2011 मध्ये उघडकीला आलं, की मारणारे हिटलरला मानणाऱ्या एका टोळीतले गोरे जर्मन होते. म्हणजे इतकी वर्षं बेड्यावरचीच नावं विचारणं चाललं होतं. नंतर असंही निघालं, की देशांतर्गत गुप्तचर खात्यात या प्रकरणाशी संबंधित फायली तुकडे करून टाकल्या होत्या. त्या खात्याचे प्रमुख हाइन्झ फ्रोम यांना 2012 च्या जुलैत पद सोडावं लागलं. त्याआधी फेब्रुवारीत चान्सलर आंगेला मेर्केल यांनी मयतांच्या कुटुंबांची जाहीर माफी मागितली होती. माझ्या अंगणात तीन दिवस बसलेल्या बाईची माफी मी मागितली ती 2009 मध्ये, तीही पुरी नाही.

उलट बाजूही ऐका, नाहीतर म्हणाल पाटील मुलीमुळे जर्मनीची वकिली करतो. 2024 च्या ऑगस्टमध्ये झोलिंगेन शहरातल्या जत्रेत एका सीरियन निर्वासितानं चाकूनं तिघांना मारलं. युरोपच्या नियमानं त्याला आधीच्या वर्षीच बल्गेरियात परत पाठवायचं होतं, कारण युरोपात तो पहिल्यांदा तिथं शिरला होता. न्यायला लोक गेले, तो निवाऱ्यातल्या खोलीत नव्हता. पुन्हा प्रयत्न झाला नाही, मुदत संपली आणि तो कायदेशीर राहता झाला. आपल्या ठाण्यातल्या कागदावर एक वाक्य नेहमी असतं : ‘सदर इसम मिळून आला नाही.’ समन्स बजावणारा पारावर पान खाऊन परत गेला तरी हेच लिहितो. त्या एका वाक्यापोटी तिथं तीन जीव गेले. पण दुसऱ्या दिवसापासून चर्चा कशाची? सगळ्या सीरियनांची, सगळ्या निर्वासितांची. महिन्याच्या आत सरकारनं देशाच्या जमिनीवरच्या सगळ्या सीमांवर तपासणी लावली. त्या वेळी सीमेवर नाके उभारणं मला चुकीचं वाटत नाही, पण तो माणूस सीमेवर नव्हता, आत होता, पत्ता ठाऊक असलेल्या खोलीत.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर : हो, बोट जाऊ शकतं. 2025 च्या फेब्रुवारीतल्या निवडणुकीत परक्यांच्या विरोधात बोलणारा पक्ष 20.8 टक्के मतं घेऊन दुसरा आला, त्यामुळे हवा तशी आहे. माझ्या मुलीला बसमध्ये एका म्हातारीनं एकदा ऐकवलं आणि त्याच बसमधल्या दुसऱ्या म्हातारीनं पहिलीला झापलं. पोराला पाठवा की नको, हे त्यानं भाषा किती आत्मसात केली त्यावर ठरवा. बोट आलं तर उत्तर त्याच भाषेत द्यावं लागेल. आणि त्याच्या आईला सांगा, सोयाबीनचा भाव पाहून मग बोलू.

प्रश्न : मी वरुडला कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. काका, मागच्या एका अंकात तुम्ही लिहिलं होतं, की गुन्ह्याच्या बातमीत जात-धर्म छापू नये. मग जर्मनीत कोलोनला 2015 च्या शेवटच्या रात्री जे झालं, त्याबद्दल काय म्हणाल? तिथं तर पोलिसांनीच लपवलं. संत्र्याच्या मंडीत बाहेरून आलेल्या मजुरांनी छेड काढली, तर मी कोणाला घाबरून गप्प बसायचं?

उत्तर : ताई, गप्प बसू नका. ते मी लिहिलं तेव्हा मला कोलोन ठाऊक नव्हतं, आता जरा दुरुस्त करून लिहितो.

त्या रात्री रेल्वे स्टेशनसमोर पुरुषांच्या घोळक्यांनी बायांना घेरलं, अंगाला हात लावले, पर्स-मोबाइल ओढले. पुढं 1,200 च्या आसपास तक्रारी झाल्या, त्यातल्या सुमारे निम्म्या लैंगिक अत्याचाराच्या. संशयितांत बरेच उत्तर आफ्रिकेतले होते. आणि 1 जानेवारीच्या सकाळी कोलोन पोलिसांनी पत्रक काढलं, की रात्र बहुतांशी शांततेत गेली! तक्रार घेऊन गेलेल्या बायांनी ते वाचलं असेल तेव्हा त्यांना काय वाटलं असेल? मोठ्या दूरचित्रवाहिन्यांपैकी एकीला बातमी उशिरा दिल्याबद्दल माफी मागावी लागली. 8 जानेवारीला कोलोनचे पोलीस प्रमुख वोल्फगांग आल्बर्स यांना घरी बसवलं. त्यांच्यावरचे गृहमंत्री मात्र खुर्चीवरच राहिले. प्रमुखाला घरी पाठवून मंत्री सुटणं, हे तुम्हा-आम्हाला नवीन नाही.

संशयित कुठले ते सांगितलं तर परक्यांविरुद्ध लोक भडकतील, या भीतीनं ते दडपलं असा आरोप झाला. असेल. पण मला त्या पत्रकात दुसरंही दिसतं, कारण मी तसं पत्रक लिहिलेलं आहे. इतक्या गर्दीला पोलीस कमी पडले, हे कबूल करायचं नव्हतं. ‘गस्त झाली.’ आमच्याकडे बेड्याचं नाव घेऊन वही झाकली, तिथं नाव न घेता झाकली. झाकण बदललं. त्या बायांना मात्र फारसं काही मिळालं नाही, कारण लैंगिक गुन्ह्यासाठी शिक्षा झालेले बोटावर मोजण्याइतके. एक झालं, 2016 मध्ये तिथल्या संसदेनं कायदा बदलला आणि बाईनं नुसतं ‘नाही’ म्हटलं असेल तरी गुन्हा धरला जाऊ लागला. आधी तिनं झटापट केली का, हे पाहायचे.

म्हणून तुमच्या मंडीचं असं करा. तक्रार द्या, त्या माणसाचं वर्णन द्या, कोणत्या ठेकेदाराच्या गाडीतून उतरला ते द्या, तो कुठल्या राज्याचा ते ठाऊक असेल तर तेही द्या, पोलिसाला त्याला शोधायचं आहे. ‘हे सगळे असेच’ हे मात्र तक्रारीत लिहू नका, कारण त्यानं तपास होत नाही. आणि ठेकेदारानं मजुरांची नावं ठाण्यात दिली होती का, मंडीत दिवे का नव्हते, हे बाजार समितीला लेखी विचारा. पोच घ्या.

एक आणखी. 2024 च्या 20 डिसेंबरला माग्देबुर्गच्या नाताळ बाजारात एकानं गाडी घातली, सहा जण गेले. चालवणारा सौदीचा, एवढं कळताच निम्म्या जगानं निकाल लावून टाकला. निघालं काय? 2006 पासून जर्मनीत राहिलेला मनोविकारांचा डॉक्टर, इस्लामच्याच विरोधात वर्षानुवर्षं लिहिणारा आणि परक्यांना विरोध करणाऱ्या त्याच पक्षाचा समर्थक. त्याच्याबद्दलचे इशारे वेगवेगळ्या कार्यालयांत आधीच पोचले होते. मला हे मुलीनं फोनवर सांगितलं तेव्हा मी दोनदा विचारलं, ‘नक्की?’

प्रश्न : जर्मनीत पोलीस पाटील असतो का? (इयत्ता नववी, राळेगाव)

उत्तर : नसतो, बेटा. पण काम आहे. तिथं घर बदललं की दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेच्या कार्यालयात जाऊन पत्ता नोंदवावा लागतो, आणि घरमालकाला लिहून द्यावं लागतं की हा माझ्याकडे राहतो. जर्मन माणसालाही ते चुकत नाही. गावात कोण परका आला, याची वही मी 28 वर्षं ठेवली, पण तिच्यात गावच्या माणसाचं नाव कधी लिहिलं नाही. मुलगी नोंदवायला गेली तेव्हा खिडकीवरच्या बाईनं गावाचं नाव विचारलं. हिनं सांगितलं. बाईला जमेना. मग हिनं कागदावर लिहून दिलं, तरी तिनं एक अक्षर चुकवलंच. ते आता आमच्या गावाचं जर्मन नाव.