क्यूटीमधलं जुनं डेस्कटॉप सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये आणि मोबाइलवर चालवता येईल का, की सगळं नव्याने लिहावं लागेल?

दहा वर्षांपूर्वी सी++ आणि क्यूटी (एकाच कोडमधून वेगवेगळ्या सिस्टिमवर खिडक्या उभ्या करणारी लायब्ररी) विजेट्समध्ये, म्हणजे तिच्या तयार बटणा-तक्त्यांमध्ये, केलेलं स्टॉक-बिलिंग, साठेक फॉर्म, आणि आता गिऱ्हाईक म्हणतंय "मोबाइलवर पाहिजे", असं तुम्ही लिहिलंय. चालेल की. क्यूटीत अँड्रॉइड आणि आयओएसची सोय ५.२ पासून, म्हणजे २०१३ पासून आहे. वेबअसेम्ब्लीलाही (सी++ सारखा कोड ब्राउझरमध्ये चालवायची सोय) ५.१३ पासून, २०१९ मध्ये, अधिकृत पाठिंबा मिळाला. दोन-चार दिवसांत तुमची विंडो क्रोममध्ये दिसायलाही लागेल. घोडं अडतं ते त्याच्या पुढे.

मी एका साखर कारखान्यासाठी उसाच्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर असंच हलवलंय. एमस्क्रिप्टेनने, म्हणजे सी++ चं वेबअसेम्ब्ली करणाऱ्या कंपायलरने, कंपाइल केलं, ब्राउझरमध्ये उघडलं, तर टूलबार, टॅब, तक्ते सगळं जिथल्या तिथे. फक्त मराठी गायब! 'वाहन क्रमांक', 'निव्वळ वजन', शेतकऱ्याचं नाव, सगळीकडे रिकामे चौकोन. आकडे आणि इंग्रजी मात्र ठणठणीत. आधी मला युनिकोडचा घोळ वाटला आणि एक अख्खी संध्याकाळ त्यात गेली. कारण साधं होतं: ब्राउझरच्या आत क्यूटीला मशीनवरच्या फॉन्टना आपसूक हात लावता येत नाही. ते स्वतःसोबत डेजाव्हूसारखे दोन-चार फॉन्ट घेऊन येतं आणि त्यात देवनागरी नसते. जोडाक्षरं जुळवणारं हार्फबझ क्यूटीच्या आतच असतं, त्यामुळे मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी रिसोर्स फाइलमध्ये (प्रोग्रॅमच्या आतच बांधलेल्या फाइलींत) घालून सुरुवातीलाच लोड केला की 'शेतकऱ्याचं' मधला अर्धा र सुद्धा नीट दिसतो. हे पहिल्याच दिवशी करा.

दुसरा फटका डायलॉगचा. आमच्याकडे वजन झालं की "पावती छापायची का?" अशी खिडकी यायची. ब्राउझरमध्येही आली. 'होय' दाबलं, खिडकी गेली, पावती काही निघेना. एरर नाही, काही नाही. झालं असं होतं की डेस्कटॉपवर एक्झेक() ही ओळ उत्तर मिळेपर्यंत तिथेच थांबते आणि आतल्या आत स्वतःचा इव्हेंट लूप (क्लिक, कीबोर्ड वगैरेची वाट पाहणारं चक्र) फिरवत राहते. ब्राउझरमध्ये लूप ब्राउझरच्या मालकीचा. तुमच्या फंक्शनने काम संपवून त्याच्या हातात कारभार परत द्यायचा असतो, मध्येच ठाण मांडून बसायचं नसतं. त्यामुळे एक्झेक()च्या खालची ओळ कधी चालतच नाही. असिंकिफाय नावाचा एक पर्याय आहे, तो कोडला मध्येच थांबता येईल असं करून देतो, पण फाइल फुगते आणि वेगही कमी होतो. मी शोध मारला तर १४० ठिकाणी एक्झेक() होतं. तीन आठवडे बसून सगळीकडे ओपन() आणि फिनिश्ड सिग्नल केलं, म्हणजे खिडकी उघडून मोकळं व्हायचं आणि उत्तर आलं की पुढचं काम वेगळ्या फंक्शनने करायचं. कंटाळवाणं काम आहे, पण टळत नाही.

बाकी अडथळे लवकर सांगून टाकतो. डेटाबेसशी थेट कनेक्शन ब्राउझरमधून होत नाही, मध्ये सर्व्हर हवाच. फाइल थेट उघडता येत नाही, वापरणाऱ्याने निवडून द्यावी लागते. जे 'सेव्ह' केलंत ते मेमरीतल्या फाइल सिस्टिममध्ये राहतं आणि पान रिफ्रेश केलं की गेलं. थ्रेड (एकाच वेळी चालणारी समांतर कामं) वापरत असाल तर वेब सर्व्हरवर दोन खास हेडर लावावे लागतात, कारण २०१८ मध्ये उघड झालेल्या स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या सुरक्षा-त्रुटीनंतर ब्राउझरांनी थ्रेडना लागणारी शेअर्ड मेमरी कुलुपात ठेवली. आणि क्यूटी सगळं कॅनव्हासवर रंगवतं, म्हणजे ब्राउझरच्या लेखी तुमचा फॉर्म हे एक चित्र. कंट्रोल-एफ मारून गाडीचा नंबर सापडत नाही. स्क्रीन रीडरसाठी क्यूटी ६ मध्ये मागे अदृश्य घटक उभे करण्याची सोय आहे, बाकी शोध-बिध तुमचं तुम्ही.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येतो, नव्याने लिहायचं का. लिबरऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरने काय केलं ते पाहा, कारण त्यांचं ओझं आपल्या शंभरपट होतं. २०११ साली पॅरिसच्या परिषदेत त्यांनी ब्राउझरमधला पहिला नमुना दाखवला तो जीटीके या क्यूटीसारख्याच लायब्ररीच्या ब्रॉडवे या सोयीवर: प्रोग्रॅम सर्व्हरवर चालतो आणि त्याची विंडो ब्राउझरमध्ये रंगवली जाते. डेमोला झकास, पण असा प्रोग्रॅम एका माणसासाठी लिहिलेला असतो, हजार जणांना वाटायचा कसा? २०१५ मध्ये वेगळा रस्ता धरला. कागद, म्हणजे उघडलेला दस्तऐवज, सर्व्हरवरच रंगवायचा, पण चौकोनी तुकड्यांत, आणि ते तुकडे लीफलेट या नकाशे दाखवणाऱ्या लायब्ररीने जुळवायचे. (पत्रव्यवहाराला गुगल मॅप्ससारखं सरकवायचं ही कल्पना मला आजही आवडते.) मेनू, टूलबार साध्या एचटीएमएलमध्ये. अडकलं पुन्हा डायलॉगवरच. सुरुवातीला डायलॉगचंही चित्रच पाठवायचे आणि क्लिक परत मागवायचे. नेट संथ असलं की चेकबॉक्सवर टिक उमटायलाही वेळ, आणि फोनवर ते वाचणं अवघड. मग त्यांनी चित्र सोडून वर्णन पाठवायला सुरुवात केली: इथे बटण, इथे यादी, असं जेसन या साध्या मजकुराच्या स्वरूपात, आणि ब्राउझर त्यावरून खरीखुरी बटणं मांडतो. हे जमलं कारण त्यांचे डायलॉग आधीच एक्सएमएल (खुणा घालून माहिती मांडलेल्या मजकुराच्या) फाइलींत लिहून ठेवलेले होते.

तुमचे फॉर्म क्यूटी डिझायनरमध्ये (माउसने फॉर्म मांडायच्या क्यूटीच्या साधनात) केलेले असतील तर त्या .यूआय फाइलीही एक्सएमएलच आहेत. मी पायथनची छोटी स्क्रिप्ट लिहून त्यांतून फील्डची नावं, क्रम आणि मर्यादा काढल्या आणि एचटीएमएल फॉर्म तयार केले. सत्तर टक्के काम तिथेच झालं. हाताने कोडमध्ये रचलेले फॉर्म असतील तर हा फायदा नाही.

मोबाइलचं निराळंच. ॲप चालतं, पण विजेट्स माउससाठी आहेत. ॲपलचा दंडक ४४ पॉइंट, गुगलचा ४८ डीपी (दोन्ही पडद्याच्या बारकाव्यावर न अवलंबणारी मापं) एवढी दाबायची जागा. आमच्या तक्त्यातली ओळ २० पिक्सेलची. सुपरवायझर अंगठ्याने एक पावती दाबायचा आणि खालची उघडायची. 'पावती रद्द' राइट क्लिकमध्ये होतं, ते फोनवर कुणालाच सापडलं नाही. टूलटिपमध्ये लिहिलेल्या सूचनाही गेल्या. त्यात कीबोर्ड वर आला की अर्धा फॉर्म झाकला जातो. लिनक्सवरच्या जीनोम डेस्कटॉपच्या लिबअद्वैता लायब्ररीमध्ये खिडकी अरुंद झाली की दोन भागांचा एक होतो. जुन्या क्यूटी विजेट्सना तसं आपसूक काही येत नाही. मोबाइलचे पडदे क्यूएमएल (पडदे मांडायची क्यूटीचीच नवी भाषा) किंवा एचटीएमएलमध्ये वेगळेच करा, त्यात कमीपणा नाही.

म्हणून माझा सल्ला: हिशेबाचा सी++ कोड फॉर्मपासून सोडवून सर्व्हरवर न्या, डेस्कटॉपला हात लावू नका, आणि साठपैकी कोणते फॉर्म फोनवर खरंच लागतात ते गिऱ्हाइकाकडून लिहून घ्या. आमच्याकडे पस्तीसपैकी तीन निघाले. काट्यावर आजही तेच जुनं सॉफ्टवेअर आहे, कारण वजन दाखवणाऱ्या इंडिकेटरची वायर त्याच कॉम्प्युटरच्या सिरियल पोर्टला लागलेली आहे.