जास्तीचा पगार परत करताय? आधी फॉर्म १६ दुरुस्त करून घ्या

प्रश्न : मी बुटीबोरीतल्या एका कारखान्यात नोकरीला आहे. २०२४-२५ मध्ये विशेष भत्ता चुकून दोनदा लागला आणि वर्षभर दरमहा ९० हजारांऐवजी एक लाख पगार निघाला. आता ऑक्टोबर २०२५ मध्ये कंपनी १,२०,००० रुपये परत मागतेय. त्यावर टीडीएस तर कापला गेलाय. मग पूर्ण रक्कम का द्यायची? – एक वाचक, नागपूर

उत्तर : चूक कंपनीची असली तरी पैसे परत करावे लागतील, करार कायद्याचं कलम ७२ तसं स्पष्ट सांगतं. खरा वाद आहे तो तुमच्या हाती न पडलेल्या रकमेचा.

तुम्ही नव्या करप्रणालीत आहात असं धरतो. बारा लाखांतून ७५ हजारांची प्रमाणित वजावट गेली की ११,२५,००० उरतात. जास्तीचे १,२०,००० अख्खे १५ टक्क्यांच्या टप्प्यात येतात. उपकरासह कर १८,७२०. म्हणजे खात्यात आले १,०१,२८०. बाकीचे तुमच्याच पॅनवर सरकारजमा आहेत.

एचआर बहुधा म्हणेल, ‘यंदाच्या पगारातून कापू, कर आपोआप ॲडजस्ट होईल.’ होणार नाही. २०२५-२६ साठी पावणेतेरा लाखांपर्यंतच्या पगारावर नव्या प्रणालीत कर शून्यच आहे. शून्यातून काय वजा होणार? गेल्या वर्षीचे १८,७२० बुडाले समजा. म्हणून दुरुस्ती चूक झाली त्याच वर्षाची हवी.

कंपनीनं आधी चौथ्या तिमाहीचं २४ क्यू, म्हणजे पगारावरच्या टीडीएसचं कंपनी भरते ते विवरण, दुरुस्त करावं. त्याच्या दुसऱ्या जोडपत्रात तुमचा पगार १०,८०,००० दाखवायचा, टीडीएसच्या आकड्याला हात लावायचा नाही. मग सुधारित फॉर्म १६ (कंपनी देते तो पगार आणि टीडीएसचा दाखला) आणि त्यावरून तुमचं सुधारित विवरणपत्र, ३१ डिसेंबर २०२५ च्या आत. परतावा थेट तुमच्या खात्यात येईल. घाईनं विवरणपत्र आधी भरलंत, तर आकडे जुळत नाहीत म्हणून नोटीस येऊ शकते.

कंपनी २४ क्यू कधीपर्यंत दुरुस्त करणार, ते तारखेसह लेखी घ्या. टाळाटाळ झाली तर सध्या १,०१,२८० द्या आणि उरलेले सुधारित फॉर्म १६ हाती आल्यावर देऊ, असं ईमेलनं कळवा. रोख मुळीच देऊ नका. देय नसलेला पण हाती पडलेला पगारही आयकर कायद्याच्या (१९६१) कलम १५ खाली करपात्र धरता येतो. आयकर खात्यानं तो मुद्दा काढला, तर बँकेतली नोंद आणि कंपनीचं वसुलीपत्र हेच तुमचे पुरावे.

तारीख हुकली तर अपडेटेड रिटर्न (मुदत संपल्यावर भरता येणारं विवरणपत्र) कामाचं नाही, त्यातून परतावा मागता येत नाही. मग त्याच कायद्याच्या कलम ११९(२)(ब) खाली विलंबमाफीचा अर्ज, म्हणजे सिव्हिल लाइन्सच्या आयकर भवनाच्या खेपा.