गेम बंद पडतो आणि दोष भलत्याच भागाला मिळतो : वाचकांचे प्रश्न

परीक्षा संपल्या की माझ्याकडे एकाच दुखण्याचे प्रश्न येऊ लागतात: गेम खेळता खेळता बंद पडतो. प्रश्न विचारण्याआधीच बहुतेकांनी एकतर विंडोज फॉरमॅट करून घेतलेलं असतं, नाहीतर काहीतरी विकत घेतलेलं असतं. पैसे जातात आणि बिघाड तसाच राहतो. म्हणून यावेळी असे प्रश्न एकत्र घेते आहे. संगणक समोर नसताना मी दिशा दाखवू शकते, निदान करू शकत नाही. शेवटी मशीन कुणीतरी उघडून पाहायलाच हवं.

मॅडम, गेम क्रॅश होऊन राहिला. काहून होत असन? उपाय सांगा. (मानेवाडा)

एवढ्यावरून कुणालाच सांगता येणार नाही. गेम बंद होऊन डेस्कटॉप दिसतो, निळा स्क्रीन येतो, की अख्खा संगणकच बंद होतो? पहिल्या प्रकारात आधी गेमच्या फायली, ड्रायव्हर आणि मेमरी पाहतात. दुसऱ्यात ड्रायव्हर आणि रॅम. तिसऱ्यात वीज आणि उष्णता. स्टार्ट मेनूत ‘रिलायबिलिटी’ टाइप केलं की ‘व्ह्यू रिलायबिलिटी हिस्ट्री’ दिसेल. त्यात गेम बंद पडला त्या दिवसाखाली लाल फुली असते. ती नोंद उघडा, ‘फॉल्ट मॉड्यूल नेम’समोरच्या नावाचा मोबाइलवर फोटो काढा आणि दुरुस्तीला जाताना तो फोटो सोबत न्या.

नवीन ग्राफिक कार्ड टाकलं, तरी गेम आधीसारखाच अडकतो आणि बंद पडतो. कार्ड डुप्लिकेट असेल का? (धरमपेठ)

आधी मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या एचडीएमआयमध्ये लावली आहे की कार्डच्या, ते बघा. मदरबोर्डला असेल तर नवं कार्ड बहुधा वापरलंच जात नाही.

मित्राने पेन ड्राइव्हमधून गेम दिला. इन्स्टॉल करताना अँटीव्हायरस बंद ठेवायला सांगितलं. आता ‘डीएलएल मिसिंग’ येतं. ती डीएलएल एका साइटवर फुकट मिळते आहे, टाकू का? (सदर)

टाकू नका. डीएलएल म्हणजे प्रोग्रामचा चालता तुकडा. अनोळखी साइटवरून तो घेणं म्हणजे अनोळखी माणसाला तुमच्या संगणकावर काम करू देणं. अस्सल गेममध्ये ही चूक आली, तर मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या साइटवरून व्हिज्युअल सी प्लस प्लसचं पॅकेज टाकतात. बऱ्याचदा ३२ बिट आणि ६४ बिट ही दोन्ही लागतात. पण तुमचा गेम क्रॅक केलेला, म्हणजे कुलूप तोडून वाटलेला दिसतो. तो का बंद पडतो याचं उत्तर कुणीही देऊ शकणार नाही, कारण त्यात काय बदललं आहे ते तुम्हाला, मला किंवा तुमच्या मित्रालाही माहीत नाही. ज्या संगणकावर अँटीव्हायरस बंद करून हा गेम टाकला, त्याच्यावरूनच घरचे बँकेचे व्यवहार होत असतील तर पासवर्ड आजच बदला, आणि तेही दुसऱ्या उपकरणावरून. मग मशीन जाणकाराकडून तपासून घ्या.

मुलाचा गेम बंद पडतो म्हणून दुकानात नेलं. दोनदा फॉरमॅट करून दिलं, दोन्ही वेळा पैसे घेतले, आठवड्यात पुन्हा तेच. पहिल्या वेळी घरचे सगळे फोटो गेले. तिसऱ्यांदा न्यावं का? (नंदनवन)

त्या दुकानात नेऊ नका. एकदा फॉरमॅट करून तोच बिघाड परत आला, याचा अर्थ दोष बहुधा विंडोजमध्ये नव्हताच. दुसऱ्यांदा फॉरमॅट करायला काहीच कारण नव्हतं. फॉरमॅटमध्ये बिघाडाच्या सगळ्या नोंदी पुसल्या जातात, ही गोष्ट मला जास्त लागते. शोधायला काही शिल्लकच राहत नाही. आता रॅम तपासून घ्या. मेमटेस्ट८६ हे साधन पेन ड्राइव्हवरून चालतं आणि रात्रभर चालू ठेवावं लागतं. एकही एरर आली तरी रॅमची कांडी संशयित समजायची. मदरबोर्डमध्ये एक्सएमपी चालू असेल, तर तो बंद करूनही एकदा पाहा. या सेटिंगमुळे रॅम तिच्या ठरावीक वेगापेक्षा जोरात पळत असते आणि प्रत्येक मशीनला ते झेपत नाही. फोटोंबद्दल: ती ड्राइव्ह अजून फारशी वापरली नसेल तर वापर तत्काळ थांबवा आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्याला विचारा. एसएसडीवर फोटो परत मिळण्याची आशा फार कमी असते, हे आधीच सांगते. उशीर केलात तर तीही जाईल.

नवतपात दुपारी गेम नक्कीच बंद पडतो, रात्री चालतो. कॅबिनेटचं झाकण काढून कूलर त्याच्यावर सोडला आहे. तरी एका सॉफ्टवेअरमध्ये १२७ डिग्री दाखवून राहिलं. मशीन जळेल का? (महाल)

कूलर आधी बाजूला वळवा. त्याची हवा दमट असते, आणि बोअरचं जड पाणी असलं तर त्यातले क्षार जाळीवर दिसतात तसेच हळूहळू बोर्डावरही बसू शकतात. झाकण काढल्याने धूळही थेट आत जाते.

१२७ चा आकडा बहुधा खोटा आहे. मदरबोर्डवरच्या ज्या सेन्सरला काही जोडलेलंच नसतं, तो अनेकदा हाच आकडा दाखवतो. नागपूरकरांना हे नव्याने सांगायला नको. ३० मे २०२४ ला आपल्या शहरातल्या एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश दिसले, देशभर बातमी झाली, आणि मग हवामान विभागाने सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘सीपीयू पॅकेज’ (प्रोसेसर) आणि ‘जीपीयू टेंपरेचर’ (ग्राफिक कार्ड) एवढेच दोन आकडे बघा.

दुपारीच बंद पडतो, ही तुमची नोंद मात्र मोलाची आहे. खोली २५ अंशांवर असताना कार्ड ७० वर जात असेल, तर खोली ४० वर गेल्यावर तेवढ्याच कामाला ते ८५ च्या आसपास जाणार. आतला पंखा खोलीतलीच हवा फिरवतो, ती थंड करत नाही. प्रोसेसर साधारण ९५ ते १०० अंशांना आधी स्वतःचा वेग कमी करतो, म्हणून आधी गेम अडकू लागतो आणि बंद पडण्याची वेळ नंतर येते. संगणक बंद करून, वायर काढून, गॅलरीत नेऊन ब्लोअरने धूळ काढा. पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर हवेच्या जोराने ती भलत्या वेगाने फिरून पंखा खराब होतो. प्रोसेसर आणि त्याच्या पंख्यामधली थर्मल पेस्ट जुनी असेल तर ती जाणकाराकडून बदलून घ्या. आणि मे महिन्यात दुपारी दोन वाजता जड गेम न खेळणं हाही एक इलाज आहे.

डेस्कटॉपवर संगणक दिवसभर चालतो. गेम लावला की दहा-पंधरा मिनिटांत फटकन बंद, निळा स्क्रीनही नाही. कार्ड आरटीएक्स ३०६०. एसएमपीएस ४५० वॅटचा, कॅबिनेटसोबत मिळालेला. यूपीएस ६०० व्हीए. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल पॉवर ४१’ दिसतं. ते घालवायचं एक सॉफ्टवेअर सापडलं आहे. दुकानदार म्हणतो कार्ड गेलं, मोठं घ्या. कॅबिनेटला हात लावला की कधी कधी झिणझिण्याही येतात. (वाडी)

शेवटचं वाक्य तुम्ही सहज लिहिलंत. मी तिथूनच सुरू करते, कारण तो गेमचा नाही, जिवाचा प्रश्न आहे. तुमच्या घरच्या अर्थिंगमध्ये दोष असण्याची दाट शक्यता आहे. एसएमपीएस म्हणजे संगणकाच्या भागांना वीज पुरवणारा डबा. त्याच्या आत वीज गाळणारे लहान कपॅसिटर असतात आणि ते कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर तिथली किरकोळ वीज जमिनीत जाते. नसेल तर ती पत्र्यावर येते आणि टेस्टरचा दिवाही लागतो. थ्री पिनची अर्थ पिन कापलेली आहे का, मध्ये टू पिनचा कन्व्हर्टर लावला आहे का, हे पाहा. आपल्याकडे उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि जमिनीशी संपर्कच राहत नाही. जुन्या घरांत तर खड्डा कुठे आहे हेही कुणाला ठाऊक नसतं. परवानाधारक वायरमनला बोलवा आणि न्यूट्रल व अर्थ यांच्यातला व्होल्टेज मोजायला सांगा. तो दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर दुरुस्ती हवी. तोवर संगणक लावू नका. हे काम पुढच्या महिन्यावर ढकलू नका.

आता बंद पडण्याबद्दल. ‘कर्नल पॉवर ४१’ हा आजार नाही. संगणक नीट शटडाउन न होता बंद झाला, एवढंच विंडोज पुढच्या वेळी सुरू होताना लिहून ठेवतं. घराची वीज गेली तरी हीच नोंद होते. ती ‘घालवणारं’ सॉफ्टवेअर विकणारा तुम्हाला फसवतो आहे.

मग एसएमपीएस. त्याच्या अंगावरच्या स्टिकरवर मोठ्या अक्षरांत ४५० लिहिलेलं असतं, ते सोडा. खालच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते वाचा. ग्राफिक कार्ड आणि प्रोसेसर मुख्यतः त्या १२ व्होल्टवरच जगतात. तिथे १६ अँपिअर असतील तर हिशेब होतो १९२ वॅट. आरटीएक्स ३०६० एकटंच १७० वॅट घेतं, आणि त्यासाठी एनव्हिडियाने ५५० वॅटचा पॉवर सप्लाय सुचवला आहे. प्रोसेसरला मग काय उरलं? डेस्कटॉपवर कार्ड झोपलेलं असतं म्हणून दिवसभर काही होत नाही. गेममध्ये ते जागं होतं, क्षणभर तर ठरावीक वॅटच्याही वर उसळी मारतं, आणि एसएमपीएस स्वतःला वाचवायला बंद होतो. हे त्यातल्या त्यात बरं झालं. बंद न होणारा स्वस्त एसएमपीएस जाताना बोर्ड घेऊन जातो. त्यातून कार्डाला लागणारी आठ पिनची वायरच निघत नसेल आणि कुणी मोलेक्सचा (जुन्या चार पिनच्या वायरीचा) कन्व्हर्टर लावून दिला असेल, तर तो आधी काढा. त्या बारीक वायरी तापून वितळतात.

यूपीएसही तपासायला हवा. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हे. घरगुती यूपीएसमध्ये ते साधारण ३६० वॅट भरतात. कार्ड, प्रोसेसर, मॉनिटर, शिवाय स्पीकर, सगळं त्याच्यावर आणि बॅटरी तीन वर्षांची जुनी, असं असेल तर उसळीला तोही हात टेकतो. ओव्हरलोडची शिटी वाजते का, ऐका.

कॅबिनेट घेताना ‘एसएमपीएस फ्री’ हे मला सगळ्यात जास्त खटकतं. तीस-चाळीस हजारांच्या कार्डावर दुकानदार तासभर बोलतो आणि ज्याच्यावर सगळं मशीन उभं आहे तो डबा फुकटात सरकवतो. डबा बिघडला की कार्डावर आळ येतो आणि त्याची दुसरी विक्री होते. ‘८० प्लस’चा शिक्का असेल तर चांगलंच, पण तो फक्त वीज किती वाया जाते ते सांगतो, टिकाऊपणा सांगत नाही. नावाजलेल्या कंपनीचा, पाच वर्षांच्या वॉरंटीचा, ५५० किंवा ६५० वॅटचा घ्या. जुना उघडून पाहू नका. वायर काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये वीज शिल्लक असते. कार्डाबद्दलही घाई नको. ते ओळखीच्या कुणाच्या चांगल्या मशीनमध्ये लावून पाहा. तिथे चाललं, तर दुकानदाराला तेच दाखवा.

प्रोसेसर इंटेल आय९-१३९००के. हल्ली काही गेम सुरू होतानाच ‘आउट ऑफ व्हिडिओ मेमरी’ म्हणून बंद पडतात. कार्डला १२ जीबी मेमरी आहे. बायॉस अपडेट करू नका, बोर्ड जातो, असं सगळे म्हणतात. (प्रतापनगर)

‘सगळे म्हणतात’ यामुळेच तुमचं नुकसान होतं आहे. हा संदेश कार्डाचं नाव घेतो, पण तुमच्या मॉडेलमध्ये दोष प्रोसेसरचा असू शकतो. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतल्या ६५ वॅट आणि त्यावरच्या डेस्कटॉप प्रोसेसरांमध्ये जास्त व्होल्टेज मागितला जाऊन ते झिजत होते. कंपनीने हे २०२४ मध्ये जाहीर मान्य केलं, ऑगस्टमध्ये दुरुस्तीचा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना) दिला, पुढेही सुधारणा दिल्या आणि बाजारात खोक्यात विकलेल्या प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. ही दुरुस्ती बायॉस, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सॉफ्टवेअरच्या, अपडेटमधूनच येते. ती पुढची झीज थांबवते, झालेली भरून काढत नाही. म्हणून अपडेटनंतरही गेम बंद पडले, तर बिल शोधा आणि वॉरंटीत प्रोसेसर बदलून मागा. तयार संगणक घेतला असेल तर विकणाऱ्याकडे मागा. अपडेट मदरबोर्डच्या कंपनीच्याच साइटवरून, नेमक्या मॉडेलचं बायॉस घेऊन, आणि चालू स्थितीतल्या यूपीएसवर करा. स्वतः केलं नसेल तर करणाऱ्याला सोबत घ्या, पण या आठवड्यात. वॉरंटी वाट पाहत नाही.

आठ जीबी रॅमचा लॅपटॉप. व्हिडिओत पाहून पेज फाइल बंद केली, एक गेम बूस्टर विकत घेतला. आता जास्तच बंद पडतो. (कामठी)

पेज फाइल पुन्हा ‘ऑटोमॅटिक’ करा आणि बूस्टर काढून टाका. रॅम भरली की विंडोज जिथे सामान हलवतं ती जागाच तुम्ही बंद केली होती. बूस्टर रॅम वाढवत नाही. एक स्लॉट रिकामा असेल तर आठ जीबीची कांडी टाकून घ्या. बसते का ते सर्व्हिस सेंटरला विचारून मगच पैसे द्या.

बाकी सगळे गेम चालतात, एकच बंद पडतो, तोही परवाच्या अपडेटनंतर. (हिंगणा रोड)

मग संगणकाला सोडा. गेम स्टीम या ॲपवरून घेतला असेल तर त्यात गेमच्या प्रॉपर्टीजमधून फायली ‘व्हेरिफाय’ करा आणि कंपनीचा पॅच, म्हणजे दुरुस्ती, येईपर्यंत थांबा. मोठ्या कंपन्याही कच्चा माल विकतात. सायबरपंक २०७७ हा गेम डिसेंबर २०२० मध्ये आला, तेव्हा पीसीवर सेव्ह फाइल ८ एमबीच्या वर गेली की ती खराब व्हायची. ज्यांनी त्या काळात फॉरमॅट मारलं, त्यांनी उगाचच मारलं. तुमच्या सेव्ह फायलींची प्रत मात्र आजच वेगळ्या ड्राइव्हवर ठेवा.

ताई, मी नववीत आहे. ग्राफिक कार्डचा ड्रायव्हर कुठून घ्यायचा? ‘ड्रायव्हर अपडेटर’ ॲप चांगलं का? (बेसा)

नाही. कार्ड ज्या कंपनीचं, एनव्हिडिया, एएमडी किंवा इंटेल, तिच्याच साइटवरून घे, आणि लॅपटॉप असेल तर आधी लॅपटॉपच्या कंपनीची साइट बघ. बाबांना किंवा आईला शेजारी बसवूनच इन्स्टॉल कर.