चहा समोरच्यांच्या ओट्यावर

प्रश्न : आमच्या शेताचा वहिवाटीचा गाडीरस्ता चुलतदिरांनी नांगरून टाकला. महिन्याच्या आत मी तहसीलला अर्ज दिला. साहेब जागा पाहून गेले, आम्हाला कळवलंही नाही. चहा समोरच्यांच्या ओट्यावर झाला. निकालात एकच ओळ : ‘अर्ज फेटाळण्यात येत आहे.’ तहसीलदार न्यायाधीश नाहीत, मग असा निकाल देऊ शकतात का?
– एक वाचक, मराठवाडा

उत्तर : ताई, निकाल देऊ शकतात, असा देऊ शकत नाहीत. मामलेदार म्हणजे तहसीलदारच. मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 चा आहे. त्याच्या कलम 5 खाली अडवलेला रस्ता मोकळा करून देण्याचा अधिकार तहसीलदाराला आहे. अट एवढीच, की अडवल्यापासून सहा महिन्यांत दाद मागायची. ती तुम्ही मागितलीत.

मी त्या खुर्चीत बसलोय. सकाळी टँकरच्या फेऱ्या ठरवायच्या, दुपारी तीनला तिथेच कोर्ट भरवायचं. टँकरचं फोनवर उरकतं, हे उरकत नाही. दोघांना नोटीस, दोघांचं ऐकणं, आणि निकालात ‘का’ ते लिहिणं आलंच. एका ओळीच्या निकालात तो ‘का’ कुठाय?

नोकरीच्या सुरुवातीला बांधावर गेलो असताना एका पक्षाच्या तांब्यातलं पाणी प्यालो. ऊन फार होतं, बस्स. पलीकडचा म्हातारा तांब्याकडेच बघत राहिला. निकाल मी कागद पाहूनच दिला, पण त्याला तो तांब्याचाच वाटला असणार. पुढे जीपमध्ये स्वतःची बाटली ठेवू लागलो.

आता कामाचं. रोजनामा (म्हणजे प्रकरणाची तारीखवार नोंद), स्थळपाहणीचा पंचनामा आणि निकाल यांच्या नकला काढा. पाहणीची नोटीस तुम्हाला बजावल्याची नोंद रोजनाम्यात आहे का, पंचनाम्यावर कुणाच्या सह्या आहेत, ते बघा. निकालाच्या मथळ्यात कोणतं कलम आहे तेही वाचा. मामलेदार कायद्याचं असेल तर अपील नाही. कलम 23 खाली पुनरीक्षण, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याने निकाल तपासणं; ते बहुधा प्रांतांकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडे चालतं. जमीन महसूल संहितेचं कलम 143, म्हणजे बांधावरून नवा रस्ता, असेल तर 60 दिवसांत प्रांतांकडे अपील, नाहीतर वर्षाच्या आत दिवाणी दावा.

अर्जात चहाचं लिहू नका. तो शाबीत करत बसाल आणि नोटीस नव्हती हा खरा मुद्दा बाजूला राहील. रस्त्याचे जुने फोटो, बैलगाडीच्या चाकोरीसकट, असतील तर जोडा.