वाचक विचारतात : बर्मी मागे आणि लाओ पुढे, असं का?

प्रश्न : बाई, नमस्कार. माझा मुलगा चार वर्षांपासून अमेरिकेत इंडियानापोलिसला एका मोठ्या गोदामात संगणकाचं काम बघतो. तिथे माल चढवणारी-उतरवणारी बरीचशी माणसं बर्मी, म्हणजे म्यानमारची आहेत. एका घरात सात-आठ जण राहतात, एकाच गाडीत पाच जण दाटीवाटीने बसून कामावर येतात. त्यांच्यावरचा सुपरवायझर मात्र लाओसचा. त्याचं स्वतःचं घर आहे, मुलगी नर्स आहे. दोघांचे देश एकमेकांना लागून, दोघंही निर्वासित म्हणून गेलेले, दोघंही बौद्ध. मग एवढा फरक कशाचा? मुलगा म्हणतो, लाओ लोक जास्त कष्टाळू असणार. मला ते पटत नाही, पण त्याला उत्तरही देता येत नाही.
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : तुम्हाला पटत नाही ते योग्यच आहे, आणि मुलाला दिसतंय तेही खोटं नाही. आधी आकडे सांगते, म्हणजे पुढचं बोलणं हवेत राहणार नाही.

प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संस्थेने २०१९ च्या सरकारी पाहणीवरून तिथल्या आशियाई समाजांचा हिशेब मांडला होता. सगळी बर्मी घरं वर्षाच्या कमाईप्रमाणे एका रांगेत उभी केली, तर बरोबर मधल्या घराची कमाई निघाली ४४,४०० डॉलर. अख्ख्या अमेरिकेचं असं मधलं घर ६१,८०० डॉलरचं, आणि आपल्या भारतीयांचं १,१९,००० डॉलरचं. बर्मी लोकांत शंभरातले २५ जण दारिद्र्यरेषेखाली होते. देशाचा आकडा १३. लाओ समाजाचं मधलं घर बर्मींच्या बरंच पुढे, देशाच्या मधल्या घराच्या आसपास उभं होतं.

आता याच पाहणीतला दुसरा आकडा बघा. पंचवीस वर्षांवरच्या लाओ माणसांत पदवीधर शंभरात फक्त १८. देशाचा आकडा ३३, सगळ्या आशियाईंचा मिळून ५४. म्हणजे ‘शिकले म्हणून पुढे गेले’ हे आपलं नेहमीचं उत्तर इथे लागू पडत नाही. मी तीस वर्षं कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं. असा आडवा आकडा समोर आला की मी मुलांना एकच गोष्ट विचारायला लावायची : ही माणसं आली कधी?

लाओसमध्ये २ डिसेंबर १९७५ ला राजेशाही संपून पाथेत लाओ या कम्युनिस्टांची सत्ता आली. त्याआधी १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेने त्या एवढ्याशा देशावर वीस लाख टनांहून जास्त बाँब टाकले होते. सत्ता पालटल्यावर लोक रात्रीच्या रात्री मेकाँग नदी ओलांडून थायलंडमध्ये जाऊ लागले. देशाच्या लोकसंख्येचा सुमारे दहावा हिस्सा बाहेर पडला. नोंग खाय, उबोन इथल्या छावण्यांतून हे लोक सत्तरच्या दशकाच्या शेवटी आणि ऐंशीच्या दशकात अमेरिकेत पोचले.

बर्मींचा मोठा लोंढा तिथे पोचला तो २००६-०७ नंतर. करेन या तिथल्या अल्पसंख्य समाजाचा बर्मी सरकारशी लढा १९४९ पासून चाललेला. थायलंडच्या सीमेवरची मे ला छावणी १९८४ पासूनची. तरी दार इतक्या उशिरा का उघडलं, याचं कारण फार वेदनादायक आहे. करेन गावकऱ्यांनी आपल्या भागातल्या बंडखोरांना कधीतरी भात दिलेला असायचा, वर्गणी दिलेली असायची. २००१ नंतर अमेरिकेत जे दहशतवादविरोधी कायदे कडक झाले, त्यांत एवढ्यावरूनसुद्धा माणूस ‘मदतनीस’ ठरायचा आणि अर्ज अडायचा. २००६ पासून करेनांना आणि मग चिन या म्यानमारमधल्याच आणखी एका समाजाला त्यातून सूट मिळाली, आणि विमानं भरून माणसं जाऊ लागली.

म्हणजे २०१९ च्या त्या तक्त्यात लाओ समाजाचा चाळिसाव्या वर्षाचा फोटो आहे आणि बहुतेक बर्मींचा बाराव्या वर्षाचा. दोन्ही फोटो शेजारी ठेवून कष्टाळू कोण, हे ठरवता येत नाही.

हे मला पुस्तकातून कळायच्या आधी साखर पेठेत कळलं होतं. आमचे आजोबा दुष्काळात करीमनगरकडून मिलच्या कामाला सोलापुरात आले. बोळातल्या एका खोलीत नऊ माणसं. आजी उंबऱ्याशी मांडीवर सूप घेऊन बसायची. भिजवलेल्या पत्त्यावर पत्रा ठेवून कात्री फिरवायची, चिमूटभर तंबाखू घालायची, वळायची, दोरा गुंडाळायची आणि नखाने टोक दुमडायची. हजार विड्या झाल्या की टोपलीत घालून द्यायला जायची, आणि छाट, म्हणजे नापास ठरलेल्या विड्या, किती निघाली त्यावर संध्याकाळचा स्वयंपाक ठरायचा. तिला मराठी येत नव्हतं. दुकानात माझे वडील, तेव्हा आठ वर्षांचे, मधे उभं राहून बोलायचे. पुढे वडील मिलमध्ये लागले. मी घरातली पहिली पदवीधर. भावाची मुलं आज हिंजवडीत आहेत. त्या काळी कुणी आमच्या बोळात पाहणी केली असती, तर आमच्या पद्मशाली या तेलुगू विणकर समाजाबद्दल कागदावर काय लिहिलं गेलं असतं, याचा विचार मी अजूनही करते. माझी आजी दिवसाला चौदा तास काम करत होती.

काळाखेरीज दुसरी गोष्ट आहे ती दाराची. अमेरिकेच्या १९८० च्या निर्वासित कायद्यात नव्याने आलेल्या माणसाला ३६ महिन्यांपर्यंत रोख मदतीची सोय होती. १९८२ मध्ये ती १८ महिन्यांवर आली, १९८८ मध्ये १२ वर आणि १९९१ मध्ये ८ वर. लाओंच्या सुरुवातीच्या तुकड्यांना भाषा शिकायला, पाय टेकायला थोडा श्वास मिळाला. शिवाय तेव्हा इंग्रजी न येणाऱ्यालाही घेणारे कारखाने होते : सुटे भाग जोडायचे, मांस कापायचं, शिलाई करायची. पगार फार नव्हता, पण नोकरी टिकायची. करेन आणि चिन माणसं आली ती आठ महिन्यांच्या हिशेबात, आणि आल्या आल्या २००८ ची मंदी. आठ महिन्यांत भाषा येत नाही. मिळेल ते काम धरावं लागतं, आणि मग रात्रपाळी करून भाषेच्या वर्गाला जाणं होत नाही. आपल्याकडे यंत्रमागावर बारा तास उभं राहणाऱ्याला ‘रात्रशाळेत का जात नाहीस’ म्हणून विचारण्यासारखं आहे ते.

तिसरी गोष्ट, माणसं येताना काय घेऊन आली. लाओ निर्वासितांतही बहुतेक शेतकरी होते. शिकलेल्यांतले पुष्कळ जण फ्रान्सला गेले. पण मे लासारख्या छावणीत ज्यांनी वीस-वीस वर्षं काढली, त्यांना छावणीबाहेर कायदेशीर काम करायची मुभाच नव्हती. तिथे जन्मलेलं मूल मोठं होऊन अमेरिकेत उतरतं तेव्हा त्याने कधी शेतही केलेलं नसतं आणि पगारही घेतलेला नसतो. चिन लोकांची वाट वेगळी. ते बरेचसे मलेशियात किंवा आपल्या दिल्लीत, कागदपत्रांविना, हॉटेलात भांडी घासत, बांधकामावर राबत दिवस काढून पुढे गेले.

तुमच्या प्रश्नातली एक गोष्ट मात्र दुरुस्त करते. इंडियानापोलिसचे बर्मी बहुतेक चिन आहेत आणि ते बौद्ध नाहीत, बहुतांशी बॅप्टिस्ट ख्रिस्ती आहेत. अमेरिकी बॅप्टिस्ट मिशनरी ॲडोनिराम जडसन १८१३ मध्ये रंगूनला उतरला, तिथून सुरू झालेल्या कामाचा हा परिणाम. या शहरात नवं चिन कुटुंब आलं की पहिला आधार चर्चचा असतो : खोली कुठे, काम कुठे, गाडीत कुणाबरोबर बसायचं. मुलाला जी पाच जणांची गाडी दिसते ना, ती अशी जुळवलेली असते. आपल्याकडे गावाकडून आलेल्या विणकराला त्याच्याच गावचा माणूस मागावर उभा करून द्यायचा, तसंच हे.

२०१८ च्या उन्हाळ्यात मी भाचीकडे त्याच शहरात तीन महिने होते. दक्षिण भागात एका चिन किराणा दुकानात गेलो. ताज्या भाजीच्या खोक्यात लाल देठांची, पंजासारख्या पानांची जुडी दिसली, आणि मी जागीच थांबले. अंबाडी! आमच्या घरातली पुंटीकूरा. बर्मीत तिला ‘चिन बाऊंग’ म्हणतात. यातल्या ‘चिन’चा अर्थ आंबट, चिन समाजाशी त्याचा संबंध नाही. गल्ल्यावरच्या बाईंना इंग्रजी येत नव्हतं. त्यांची दहा-अकरा वर्षांची मुलगी आमच्या मधे उभी राहिली आणि आईचं मला, माझं आईला सांगू लागली. त्या ही भाजी सुक्या झिंग्याबरोबर करतात, मी तुरीच्या डाळीत घालते, एवढं बोलणं झालं. मग मुलगी म्हणाली, उद्या तिची शाळा बुडणार आहे, कारण आईला दवाखान्यात जायचंय आणि तिथे बोलायला कुणी नाही. मला माझे आठ वर्षांचे वडील दिसले. या मुलीची बुडालेली शाळा कुठल्याच तक्त्यात येत नाही.

आता त्या लाओ सुपरवायझरच्या घराबद्दल. तक्त्यात ‘घराची’ कमाई मोजतात, माणसाची नव्हे. एका छपराखाली आई-वडील आणि कमावती मुलं मिळून चार पगार येत असले, तर घर आकड्यात भक्कम दिसतं. लाओ कुटुंबांत मुलं आता कमावती झाली आहेत. बर्मी कुटुंबांत तितकीच माणसं असली तरी त्यातली पुष्कळशी शाळेत जातायत. मुलाला विचारा, त्या सात-आठ जणांच्या घरात पगार किती येतात.

आणि ‘बर्मी’ हा एकच शब्द किती जणांना झाकतो तेही त्याला सांगा. १९६२ मध्ये जनरल ने विनने सत्ता घेतल्यावर डॉक्टर, इंजिनियर, व्यापारी, चिनी वंशाचे बर्मी असे बरेच जण देश सोडून गेले. त्यांतले जे अमेरिकेत स्थिरावले त्यांची मुलं उत्तम शिकली. तेही त्याच रांगेत, आणि काल छावणीतून आलेली करेन विधवाही त्याच रांगेत. मधलं घर त्या दोघांपैकी कुणाचंच नसतं.

प्रश्न : टीव्हीवर ऐकलं की अमेरिकेत ह्मोंग नावाचे लोक पुष्कळ आहेत आणि ते लाओसचे. मग त्यांना लाओत धरतात का? — एक वाचक, अक्कलकोट

उत्तर : देश लाओस, पण मोजणी वेगळी. ह्मोंग डोंगराळ भागातले, त्यांची भाषा वेगळी. जनरल वांग पाओच्या हाताखाली ते अमेरिकेच्या बाजूने लढले, म्हणून १९७५ नंतर त्यांचे फार हाल झाले. आज मिनेसोटातलं सेंट पॉल आणि कॅलिफोर्नियातलं फ्रेझ्नो ही त्यांची मोठी ठिकाणं. तेव्हा ‘लाओ’ म्हणून जो आकडा वाचाल, त्यात ह्मोंग धरलेले नसतात. बर्मींचं याच्या उलट : करेन, चिन, रोहिंग्या बहुतेक वेळा एकाच नावाखाली जातात. एका समाजातून एक मोठा गट काढून मोजायचा आणि दुसऱ्यात चार गट मिसळून, आणि मग दोघांची तुलना करायची, ही अडचण या विषयात कायमची आहे. वर मी जी तुलना केली, तिलाही ती लागू आहे.

प्रश्न : आमच्या लहानपणी बार्शीत एका घराला ‘रंगूनवाले’ म्हणायचे. अशी माणसंसुद्धा बर्मी म्हणून मोजली जातात का? — एक वाचक, बार्शी

उत्तर : भारतात नाही. ती आपलीच माणसं होती. १९३० च्या दशकात रंगून शहरात निम्म्याहून जास्त वस्ती भारतीयांची होती. १९४२ मध्ये जपानी आले तेव्हा लाखो लोक जंगलातून, डोंगरातून पायी निघाले आणि हजारो वाटेतच गेले. १९६४ मध्ये दुकानं सरकारजमा झाल्यावर दुसरी लाट परतली. चेन्नईचा बर्मा बाजार तिचाच. यातलं एखादं कुटुंब पुढे अमेरिकेत गेलं असेल, तर तिथल्या जनगणनेत ‘भारतीय’ लिहायचं की ‘बर्मी’, हे त्याचं तोच ठरवतो.

तुम्ही रंगूनचं नाव काढलंत म्हणून सांगते. मे १९३० मध्ये आपल्या सोलापुरात मार्शल लॉ लागला, त्याच महिन्यात रंगूनच्या गोदीत तेलुगू हमालांनी पगारवाढीसाठी संप केला. मालकांनी त्यांच्या जागी बर्मी मजूर घेतले. संप मिटला, तेलुगू परत कामावर आले आणि बर्मींना घरी जायला सांगितलं. त्यातून जी दंगल उसळली तिच्यात शेकडो माणसं मेली आणि मारली गेली ती बहुतेक आमच्या भाषेची. आजोबांच्या भावकीतले दोघं तेव्हा सोलापूर सोडून रंगूनला जायच्या बेतात होते. आजीने त्यांना थांबवलं, असं घरात सांगतात.