'इश्यू' या इंग्रजी शब्दाचे सगळे अर्थ आणि समानार्थी शब्द कोणते? पाठ करायला यादी मिळेल का?

यादी कुठल्याही शब्दकोशात मिळेल. पण ती पाठ करून हा शब्द येत नाही, आणि जो क्लास येतो म्हणून सांगतो तो मुलांचं नुकसान करतो. मी सांगलीत कोर्टकचेरीच्या कागदांची भाषांतरं करतो. वडील अर्जनवीस होते. कोर्ट राजवाड्याच्या आवारात होतं तेव्हा तिथंच त्यांचं टेबल असायचं. या एका शब्दावरून माझं एका माणसाशी जुनं भांडण आहे, म्हणून लिहायला बसलो.

तासगावकडचं एक कुटुंब. तिघा भावांतले थोरले मुंबईत नोकरीला होते, त्यांना मूलबाळ नव्हतं. त्यांनी तिकडंच इंग्रजीत मृत्युपत्र टाइप करून घेतलं. गावाकडचं घर धाकट्या भावाला, आणि तो 'डाइज विदाउट इश्यू' तर मधल्याच्या मुलाला, म्हणजे पुतण्याला. थोरले गेले, काही वर्षांनी धाकटेही गेले. धाकट्यांना मुलगा नव्हता, एकच मुलगी, मिरजेत दिलेली. पुतण्यानं कागद एका क्लासवाल्या सरांकडून मराठीत करून आणला. हे सर विलिंग्डन कॉलेजला माझ्याच वर्गात होते, आता स्पर्धा परीक्षेचं इंग्रजी शिकवतात. त्यांनी लिहिलं होतं, 'कोणताही वाद न होता मयत झाल्यास'. इश्यू म्हणजे प्रॉब्लेम, प्रॉब्लेम म्हणजे वाद! पुतण्यानं सरळ अर्थ लावला: काकांचा कुणाशी वाद नव्हता, म्हणजे घर आपलं.

कागद माझ्याकडं आला तेव्हा ती मुलगीही सोबत होती. मुलगी कसली, पन्नाशीच्या आक्का. मी सरांना फोन लावून सांगितलं, इथं इश्यू म्हणजे संतती. ते म्हणाले, "बरं, मग 'निपुत्रिक' कर. एवढं काय, समानार्थीच आहेत की सगळे."

हे वाक्य मला आजही सलतं. शब्दकोश काहीही म्हणो, आमच्याकडं निपुत्रिक म्हटलं की ज्याला मुलगा नाही तो, असंच लोक समजतात. म्हणजे त्या एका शब्दानं आक्का कागदावरून पुसल्या जाणार होत्या. पुतण्या म्हणाला, मग 'बिनवारस' लिहा. ते तर आणखी चूक. संतती नसली तरी बायको, भाऊ, पुतणे वारस असू शकतात. आक्का इतका वेळ गप्प होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "दादा, मग मी त्यात हाय का न्हाय?"

होत्या. कायद्याच्या कागदात 'इश्यू'त मुलगा येतो, मुलगी येते, आणि साधारणपणे खालच्या पिढ्याही येतात. मुलगा आधी वारला आणि नातू हयात असला तर माणूस 'विदाउट इश्यू' गेला असं म्हणत नाहीत. मी लिहिलं, 'मागे संतती न ठेवता मयत झाल्यास'. पुतण्यानं तो कागद आपल्या वकिलाला दाखवला, वकिलानंही तेच सांगितलं, आणि घर आक्कांकडं राहिलं. सर मात्र अजून चारचौघांत म्हणतात की मी शब्दाचा कीस पाडतो. पाडतोच.

आता तुमच्या प्रश्नाकडं. हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला, आणि मूळ लॅटिन क्रियापद 'एक्झिरे', बाहेर पडणे. 'एक्झिट'ही तिथलाच. हे धरलं की अर्थ आपोआप लागतात. पोटातून बाहेर आलेली ती संतती: ऑफस्प्रिंग, प्रोजेनी. छापखान्यातून बाहेर पडला तो मासिकाचा अंक: नंबर, एडिशन. चेकबुक, पासपोर्ट, नोटीस इश्यू होते, म्हणजे अधिकारानं बाहेर दिली जाते; रिझर्व्ह बँकेत नोटांच्या चलनासाठी 'इश्यू डिपार्टमेंट' आहे ते याच अर्थानं, १९३४ च्या कायद्यापासून. कंपनी शेअर बाजारात आणते तो पब्लिक इश्यू. झऱ्यातून पाणी इश्यू होतं, तिथं फ्लो किंवा इमर्ज. अंक या अर्थाचा 'एडिशन' संततीच्या जागी घालून बघा, म्हणजे समानार्थी शब्द जागा सोडून चालत नाही हे कळेल.

कोर्टात आणखी वेगळं. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८, तिच्यातल्या आदेश १४ प्रमाणं एक पक्ष जे म्हणतो आणि दुसरा नाकारतो, त्यातून न्यायाधीश मुद्दे काढतात. त्यांना इश्यूज म्हणतात. वकील फोनवर सांगतो, "इश्यूज फ्रेम झाले," आणि पक्षकार घाबरून विचारतो, आता नवीन काय झालं? काही झालेलं नसतं, दावा एक पायरी पुढं सरकलेला असतो. प्रॉब्लेम हा अर्थ, 'नेटवर्कचा इश्यू आहे' वाला, अलीकडं फोफावला. क्लासमध्ये नेमका तोच पहिला शिकवतात, ही माझी तक्रार आहे. 'टेक इश्यू विथ' म्हणजे एखाद्याच्या म्हणण्याला हरकत घेणं, तेही यादीत सापडत नाही.

तेव्हा शब्द एकटा लिहू नका. वहीत पूर्ण वाक्य उतरवा, आणि शेजारी तो शब्द तिथं कशाबरोबर आलाय ते लिहा: चेकबुकबरोबर, मासिकाबरोबर, मृत्युपत्रात की दाव्यात.

दोन गोष्टी राहिल्या. परीक्षेत चार पर्यायांतून एक निवडायचा प्रश्न असेल तर यादीचा उपयोग होतो, नाही असं नाही. वाक्य दिलेलं असेल तर आधी वाक्य वाचा. आणि घरात असा इंग्रजी कागद असेल तर माझ्या या उत्तरावर विसंबू नका. मृत्युपत्रात पुढंमागं काय लिहिलंय त्यावर अर्थ बदलू शकतो, आणि कोर्ट मूळ कागदच वाचतं. कागद घेऊन वकिलाकडं जा, आणि घरातल्या मुलींनाही सोबत न्या.