जाळीऐवजी फायबर? आधी कुठे टाकताय ते ठरवा

गोदामाच्या किंवा पार्किंगच्या जमिनीवरच्या काँक्रीटमध्ये सळईची जाळी टाळून फायबर, म्हणजे काँक्रीटमध्ये मिसळायचे छोटे तंतू, वापरायचा तुमचा विचार चांगला आहे. मात्र बीम, कॉलम आणि वरचा स्लॅब यांतली सळई काढा असं कुणीही सांगितलं तरी ऐकू नका. तिथे ताण ठरावीक जागी, ठरावीक दिशेने येतो आणि तो घ्यायला सळई त्याच जागी लागते. फायबर सगळीकडे विखुरलेलं असतं.

दुकानात मिळणारं केसासारखं बारीक पॉलिप्रॉपिलीन फायबर घनमीटरला साधारण 0.9 किलो टाकतात. काँक्रीट ओलं असताना पडणारे बारीक तडे ते रोखतं, बस. जाळीची जागा घ्यायला जाड मॅक्रो फायबर किंवा टोकं वाकवलेलं स्टील फायबर लागतं. स्टीलचं प्रमाण बहुधा घनमीटरला 20 ते 40 किलो असतं, पण नेमका आकडा डिझायनरकडूनच लेखी घ्या.

खरी गडबड मिक्सरपाशी होते. फायबर पडलं की माल घट्ट दिसतो आणि मिस्त्री लगेच पाण्याचा पाइप उचलतो. तिथे स्वतः उभे राहा. वरून पाणी अजिबात नको, प्लॅस्टिसायझर (पाणी न वाढवता माल सैल करणारं रसायन) वापरा. फायबर चालू ड्रममध्ये थोडं थोडं सोडा. एकदम ओतलं तर गोळे होतात, आणि गोळा फोडून पाहिला तर आत सिमेंट पोचलेलंच नसतं.

फायबर आहे म्हणून जॉइंट कापणं, म्हणजे तडा ठरलेल्या रेषेतच जावा म्हणून काँक्रीटला वरून काप देणं, टाळू नका. 150 मिलिमीटर जाडीला किमान 40 मिलिमीटर खोल काप हवा, आणि पाणी मारणं किमान सात दिवस.